कुणाच्या घरी काय हाय का?

मामा दवाखान्याच्या बाकावर बसायचे म्हणणं बरोबर नाही. ते स्वतःला बाकावर उतरवून ठेवायचे. आधी एक तळवा बाकावर टेकवायचा, मग दुसरा गुडघ्यावर, मग कंबर हळूहळू खाली सोडायची. जणू डोक्यावर मडक्यांनी भरलेली पाटी आहे आणि शेवटच्या वितीला हात सुटला तर सगळं फुटेल. बूड टेकलं की डोळे मिटायचे. एक लांब श्वास. आणि मग मिटल्या डोळ्यांनीच तो प्रश्न :

"कंपौंडर, कुणाच्या घरी काय हाय का?"

नवखा माणूस दचकायचा. एकदा अक्कलकोटकडचा एक पेशंट बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. हा प्रश्न ऐकून तो उठला, काउंटरपाशी आला आणि माझ्या कानात म्हणाला, "हा माणूस घरं फोडतो काय हो?" मी त्याच्या कानात म्हणालो, "फोडत नाही. सगळ्यांची घरं सांभाळता सांभाळता स्वतःच फुटायला आलाय." त्याला काही समजलं नाही. समजायचं कारणही नव्हतं. तो आमच्या गल्लीतला नव्हता.

तुम्हीही नाही, म्हणून सांगतो.

मामा कुंभार होते. त्यांचं नाव काय, हे गल्लीत कुणाला आठवत नसे, आणि विचारलं तर ते स्वतःही क्षणभर थांबत. सगळ्यांचे मामा. आमची गल्ली गिरणीच्या भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावरच अंथरुणाला पाठ टेकायची. अर्धी माणसं दिवसपाळीला, अर्धी रातपाळीला, त्यामुळे गल्लीत कोणत्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असे आणि कुणीतरी त्याला "शूऽऽ, झोपलेत" म्हणत असे. गल्लीच्या एका टोकाला आमचा दवाखाना, दुसऱ्या टोकाला मोकळी जागा आणि त्या जागेत मामांचा आवा.

आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. पण विटांचं बांधकाम वगैरे काही डोळ्यांपुढे आणू नका. जमिनीत एक उथळ खळगा. त्यात शेण्या आणि तुराट्या अंथरायच्या. त्यावर वाळलेली कच्ची मडकी पालथी रचायची, मोठ्यांच्या बगलेत लहान. वरून पुन्हा शेण्या, पाचट, आणि सगळ्यावर राखेचं पांघरूण. मग वाऱ्याच्या बाजूनं विस्तव घालायचा. एकदा पेटला की आवा विझवता येत नाही, थांबवता येत नाही, सोडून जाता येत नाही. आणि धूर! पहिला धूर असा पांढरा, जड, ओला की तो वर जातच नाही. तो पाहुण्यासारखा घराघरात शिरतो आणि बसतो.

म्हणून मामा विचारायचे.

वारा पश्चिमेचा असला की धूर नरसय्याच्या घरात. वारा पूर्वेचा असला की गौराक्काच्या गच्चीवर. आणि वारा पडला की सगळ्यांकडे सारखा. आवा लावायचा म्हणजे मामा आदल्या दिवशी गल्लीत निघायचे. करंगळी तोंडात ओली करायची, हवेत धरायची, वारा कुणाकडचा ते बघायचं आणि त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं.

नरसय्या विणकर. त्याचं घराणं आजोबांच्या वेळी तेलंगणातून आलेलं. घरात माग आणि दारात बांबूंवर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं. त्याच्या ओल्या सुतावर काजळी बसली की ती लड गेली.

"नरसय्या, उद्या आवा लावू का? घरात काय हाय का?"

"अय्यो मामा, लाल सूत हाय. आत्ताच रंगवलं. उद्या नको."

"बरं. परवा?"

"परवा हिरवं."

"आरं, तू सूत कवा रंगवत न्हाईस?"

"तुमी मडकी कवा घडवत न्हाई, मामा?"

दोघंही हसायचे. मामांचं हसणं म्हणजे खांदे दोनदा हलायचे, तोंडातून आवाज यायचा नाही. आवाज काढायलाही बळ लागतं, ते त्यांनी शिल्लक ठेवलेलं असायचं. मग पुढचं दार. गौराक्का किराणावाल्याची बायको, बोलायला लागली की मराठी आणि कन्नड एकाच पाटावर जेवायला बसल्यासारखी.

"बेडा मामा, बेडा! कुरडया घातल्यात गच्चीवर. धूर बसला तर लोक म्हनतील, गौराक्कानं कुरडया मसणात वाळवल्या!"

बेडा म्हणजे नको, एवढं कन्नड आमच्या गल्लीत कुत्र्यालाही समजत होतं.

"बरं, मंग कुरडया वाळल्या की," मामा म्हणायचे आणि तिथून घरी. घरी मामी दारातच असायच्या, कमरेला पदर खोचून, हातात गेरूचा बोळा.

"आलात गल्लीभर इचारून? आता जरा घरात बी इचारा."

"घरात काय इचारू?"

"काय हाय का म्हनून इचारा. मी सांगते न्हाय म्हनून. पीठ न्हाय, त्याल न्हाय."

ह्यावर मामा पुन्हा दोन वेळा खांदे हलवायचे. घरात मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. तो आवा जितका त्यांचा होता तितकाच मामींचा, माती मळण्यापासून गेरू देण्यापर्यंत निम्मं काम त्यांचं, म्हणून विचारायची गरज वाटली नसावी. आणि त्यांच्या घरी काय आहे का, हे गल्लीतही कुणी विचारलं नाही. विचारणारं घर एकच होतं, बाकी सगळी उत्तरं देणारी.

मी एकदा मुद्दाम डिवचलं होतं. "मामा, ते गिरणीचं धुराडं बघा. सकाळ-संध्याकाळ ओकत असतं. ते विचारतं का कुणाला?"

मामांनी एक डोळा उघडून धुराड्याकडे पाहिलं. "गिरणीला मालक हाय कंपौंडर. शेजारी न्हाईत." आणि डोळा मिटून घेतला.

आता ह्या सगळ्यात मी कुठून आलो? तर मामांच्या घरची एक रीत होती. गल्लीत मयत असताना आवा पेटवायचा नाही. "त्याची आग आदी, मंग माजी," असं ते म्हणायचे. आणि बाळंतिणीच्या खोलीत धूर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे आवा लावण्याआधी गल्लीत कोण येणार आहे आणि कोण जाणार आहे, हे माहीत पाहिजे. आणि हे डॉक्टरांच्या खालोखाल कुणाला माहीत असणार? मला! मी कोण, तर बाटल्या धुणारा, पुड्या बांधणारा, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणारा माणूस. पण मामांनी प्रश्न टाकला की माझ्या अंगात यायचं. मी डोळे मिटायचो. सोड्याच्या बरणीवर पंजा ठेवायचो. घुमल्यासारखा डुलायचो. बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून बघत राहायचे.

"दिसतंय... दिसतंय... नळाशेजारच्या घरात एक पोटुशी. पण तिला अजून महिना आहे."

"आन् मयत?"

"मयत... मयत धूसर आहे... थांबा. एक खोकला दिसतो. पण तो अजून वर्षभर खोकेल."

"म्हंजी ह्या आठवड्यात न्हाय?"

"नाही. पेटवा!"

आतून डॉक्टर ओरडायचे, "अहो, ते मलम झालं का?" आणि देव माझ्या अंगातून निघून जायचा.

माझं भाकीत बहुतेक वेळा बरोबर यायचं. एकदा चुकलं, आणि असं चुकलं की गल्लीनं ते पुढे कायम मला ऐकवलं. काशीआजी. लेक गिरणीत लागला तेव्हा त्याच्याबरोबर जेऊरकडून आलेली मेंढपाळाच्या घरची म्हातारी. आयुष्यभर मेंढरांमागं उन्हात चाललेली, काटकुळी, चिवट. ती आजारी पडली. डॉक्टर बघून आले आणि मला म्हणाले, रात्र काढणं कठीण. मी हे मामांच्या कानी घातलं. मामांचा आवा रचून तयार होता, पण त्यांनी विस्तव आवरला. इतकंच नाही, घरातलं एक कोरं मडकं घेतलं आणि काशीआजीच्या घरी नेऊन ठेवलं. कुणी गेलं की मडकं मामांच्याच घरून जायचं, आणि ऐनवेळी धावाधाव नको. मामा अशा बाबतीत फार दूरदर्शी.

म्हातारीनं रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पेज मागितली. मामा रोज तिच्या पायथ्याशी जाऊन बसायचे.

"आजी, कसं वाटतंय?"

"जरा बरं हाय की."

"बरं हाय?" मामांच्या चेहऱ्यावर आनंद आणि अडचण एकमेकांना ढकलत यायची. "न्हाय, म्हंजी... लई बरं हाय का मदीच?"

अखेर म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "तुजा आवा लाव की रं बाबा! माजी वाट बगत किती दिस बसतोस? आन् हे मडकं घिऊन जा तुजं."

"ठिवा आजी. लागंल तवा हाय."

काशीआजीनं ते मडकं घरातल्या उतरंडीच्या सगळ्यात वर पालथं घातलं. कुणी हात लावला तर ओरडायची, "हात न्हाय लावायचा! माज्या नावाचं हाय ते!" दुसऱ्या बायका दागिन्यांबद्दल बोलतात तसं ती ह्या मडक्याबद्दल बोलायची.

हे सगळं मी हसत सांगतोय, आणि तुम्हीही हसा. पण त्या बाकावरच्या माणसाकडे जरा नीट बघा. तो तिथे विसावा घ्यायला बसत असे. माती आणायची, चाळायची, लीद मिसळून तुडवायची, चाकावर घडवायची, थापटून आकार द्यायचा, वाळवायची, रचायची, आणि मग विचारत फिरायचं. मग थांबायचं. मग पुन्हा विचारायचं. आवा पेटला की त्याच्यापाशी जागायचं, निवेपर्यंत राखण करायची, आणि निघालेली मडकी डोक्यावर घेऊन बाजारात उभं राहायचं. "एवढा आवा निगाला की झोपतो," असं ते दर वेळी म्हणायचे. आवा निघायचा, आणि पुढची माती आलेली असायची.

छातीचं दुखणं कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक दिवस बाकावर बसताना मध्येच थांबले, अर्धे वर अर्धे खाली, आणि धाप लागली. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"मामा, धूर बंद. ओझं बंद. जागरण बंद."

"मंग चालू काय ठिवायचं, डाक्टर?"

डॉक्टरांनी मिक्श्चर लिहून दिलं. मी म्हणालो, मामा, घरून बाटली आणा. दुसऱ्या दिवशी मामा एक मातीचा बुधला घेऊन हजर. स्वतः घडवलेला, चांगला चोपडा, गळ्यापासून तळापर्यंत नखानं सारख्या अंतरावर रेषा ओढलेल्या. मी बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या लावतो ते त्यांनी पाहिलं होतं. मोठ्या अभिमानानं त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

मी तो हातात घेतला. फिरवला. वाचकहो, मी जन्माचा खोडकर. पण त्या दिवशी मला हसू आवरायला तोंडात पंच्याचा बोळा धरावा लागला. "मामा, रेषा झकास आहेत. पण खुणा बाहेर आणि औषध आत. किती घेतलं ते दिसणार कसं?"

मामांनी बुधला घेतला, डोळा लावून आत बघितलं, मग बाहेर बघितलं. खांदे दोनदा हलले. "आजवर समदी मडकी पान्याचीच केली," म्हणाले. "पानी कुटं मापून पितंय कुनी?" आणि तोच बुधला भरून घेऊन गेले. मामी सांगायच्या, औषधाची वेळ झाली की हे बुधला कानाशी हलवून बघतात आणि अंदाजानं घोट घेतात.

त्यानंतरचा उन्हाळा मला अजून अंगावर आल्यासारखा आठवतो. ऊन असं की गल्लीतले आवाजही मंद झाले होते. अशा उन्हाळ्यात कुंभाराचं वर्ष ठरतं. डेरे, घागरी, रांजण सगळं ह्याच दिवसांत उठतं. मामांनी आणि मामींनी छाती फुटेस्तोवर माल केला होता. त्यांना मुलगा नव्हता. एक लेक, ती करकंबला दिलेली. आणि पुतण्या होता, तो गिरणीत. तेव्हा केलं ते त्या दोघांनी. घरातली जुनी मडकी सगळी विकून झाली होती, आणि नवा माल कच्चा, ओळीनं वाळत पडलेला. तो भाजून निघाला तर पाऊसकाळ सुखाचा. न निघाला आणि वळवाची एक सर आली, तर कच्च्या मडक्यांचा पुन्हा चिखल.

आणि गल्ली तर गल्लीच. एका घरी लग्नाचा मांडव. तो उठला तर गौराक्काच्या कुरडया. कुरडया उतरल्या तर नळाशेजारी बाळंतपण. मामा रोज निघायचे, करंगळी हवेत धरायचे, विचारायचे आणि परत यायचे. दक्षिणेला दुपारी ढग धरायला लागले होते.

एका सकाळी मामा बाकावर आले. उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "कंपौंडर, ह्या आठवड्यात कोन जानार हाय का?"

मी सवयीनं बरणीवर पंजा ठेवला.

"तसं न्हाय," मामा म्हणाले. डोळे उघडे होते. "नीट सांगा. मी जानार हाय का?"

माझा पंजा बरणीवरच राहिला.

"काय बोलताय मामा!"

"आवो, रागं भरू नगा. आवा रचायला घेतोय. मदीच मी गेलो तर गल्लीत मयत हुईल. मयत असताना आवा पेटत न्हाय. लेक करकंबहून येईस्तोवर थांबायचं, मंग सुतक. तवर ढग थांबत्यात व्हय? तिनं एकलीनं काय करायचं मंग?" त्यांनी श्वास घेतला. "जायचं तर आव्याच्या आदी न्हाय, मागनं. म्हनून इचारतो. डाक्टर तुमास्नी सांगत असतील की."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आठवडा म्हटलं नव्हतं, पण जे म्हटलं होतं ते काही वेगळं नव्हतं. मी काय करावं? आयुष्यात जे येत होतं तेच केलं. डोळे मिटले. डुललो. पण आवाज काही केल्या घुमेना, साधाच निघाला. "ह्या आठवड्यात गल्लीतून कुणीही जाणार नाही, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांदे हलले, एकदाच.

"काशीआजी जानार म्हनलावता तुमी, ती ऱ्हायली," ते म्हणाले. "आता कुनी जानार न्हाय म्हनताय. मला घाई केलेली बरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवा रचला. मामी मडकी हातात देत होत्या, मामा पालथी घालत होते. राखेचं पांघरूण घालून झालं. वारा पश्चिमेचा. करंगळी वर, आणि मामा नरसय्याच्या दारात. मी दवाखान्याच्या पायरीवरून बघत होतो. नरसय्याच्या बांबूंवर लालभडक सूत नुकतं चढलं होतं, थेंब गळत होते.

"नरसय्या, काय हाय का?"

नरसय्यानं सुताकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं. "मामा... उद्या वाळंल बगा. उद्या दुपारपर्यंत. मग लावा की."

"बरं," मामा म्हणाले. "उद्या."

ह्या एका शब्दाबद्दल नरसय्याला मी आजवर कधी चिडवलेलं नाही. माझ्यासारख्यानं एवढं पाळलं, त्यावरून समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामा रचलेल्या आव्याशी जाऊन बसले. पाठ शेजारच्या पडक्या भिंतीला, पाय पुढे पसरलेले, डोळे मिटलेले. हातात विस्तवासाठी आणलेलं खापर, रिकामं. गल्लीनं पाहिलं, मामा झोपलेत. आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्या गल्लीला एकदम त्यांची कीव आली. गौराक्कानं पोरांना हाकललं, "हुश्श, मामा झोपलेत." रातपाळीहून आलेला एक जण पायातल्या वहाणा हातात घेऊन गेला. नरसय्यानं माग थांबवला, खटखट नको म्हणून. काशीआजी काठी उचलून उचलून चालली. मी बाटल्या धुवायचं थांबवलं. एवढी शांत दुपार त्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. ज्या माणसानं आम्हा सगळ्यांची झोप सांभाळली, त्याला एकदा झोपू द्यावं, असं प्रत्येकाला वाटलं आणि प्रत्येकानं ते मनापासून केलं.

सूत वाळल्यावर नरसय्याच त्यांना उठवायला गेला.

करकंबहून लेक-जावई आले तेव्हा उन्हं उतरली होती. आणि तेव्हा लक्षात आलं की कोरं मडकं नाही. कुंभाराच्या घरी, कुंभाराच्या शेवटच्या वाटेला, मडकं नाही! जुनी सगळी विकलेली, नवी सगळी कच्ची, राखेखाली पालथी. पुतण्या म्हणाला, दुसऱ्या कुंभाराकडून घेऊन येतो. मामी बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातचं?" पुतण्या दारात अडकून उभा राहिला.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. काशीआजी. एका हातात काठी आणि छातीशी धरलेलं ते मडकं, कोरं करकरीत. तिनं ते मामींच्या पुढ्यात ठेवलं.

"त्याच्याच हातचं हाय. कोरं हाय, पानी बी लावलेलं न्हाय," म्हातारी म्हणाली. "माज्या नावाचं हुतं. घ्या."

आणि मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि आम्हा सगळ्यांवर खेकसली, "बगता काय? उचला की!"

मामा गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून ढग नुसते आले नाहीत, गुरगुरत आले. गल्लीच्या टोकाला आवा रचलेला, विस्तव न लागलेला. त्याच्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं आणि सगळे तिकडेच बघत होते.

पहिल्यांदा नरसय्या उठला. मामींच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत आणि हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. बांबूंवरचं त्या दिवशीचं ओलं सूत त्यानं ओढून घरात नेलं होतं. रंगाचे थेंब त्याच्या दारापासून मामींच्या दारापर्यंत पडले होते.

"मामी, आमच्या घरी काय न्हाय," तो म्हणाला.

मागून गौराक्का आली. "आमच्या घरी बी काय न्हाय."

मग नळाशेजारचा, बाळंतिणीचा नवरा. "तिला आन् बाळाला पार तिकडच्या आळीत, तिच्या भावाकडं पोचवलंय. आमच्या बी घरी काय न्हाय."

मीही गेलो. सगळा जन्म बोलण्यावर काढलेला माणूस मी. तिथे तेवढंच वाक्य होतं, तेच म्हणालो. "दवाखान्यात काही नाही, मामी."

मामी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरी न्हाय. माज्या घरी हाय की."

मी माझ्या वहाणांकडे बघत राहिलो.

काशीआजी माणसांतून वाट काढत पुढे आली आणि उंबऱ्यापाशी खाली बसली. "हाय गं बाई," ती म्हणाली. "तुज्या घरी हाय, म्हनून तर इचारायला आलोय. तू नगं म्हनलीस तर नगं. भिजू दे मडकी. सांग. लावायचा का आवा?"

मामींनी पदरानं तोंड पुसलं.

"सुतकातली मडकी कोन घेनार?"

"मी घेते. एक डेरा, दोन घागरी," गौराक्का म्हणाली.

"मला रांजण. सूत भिजवायला," नरसय्या.

"दवाखान्याला माठ," मी.

"मला एक ल्हान मडकं लागंल," काशीआजी म्हणाली. "माजं तुमी घेतलंय."

ह्यावर मामींच्या तोंडातून काहीतरी निघालं. हसणं होतं की रडणं, ते मी सांगणार नाही, कारण मला समजलं नाही. त्या भिंतीला धरून उठल्या. उंबऱ्यापर्यंत आल्या, ओलांडला नाही. करंगळी तोंडात ओली केली आणि हात दाराबाहेर, हवेत धरला.

"वारा नरसय्याकडं हाय."

"असू दे मामी. सूत आत हाय."

"आत बी यील धूर."

"मंग यील."

मामींनी पुतण्याकडे पाहून मान डोलावली. त्यानं वाऱ्याच्या बाजूनं विस्तव घातला.

पहिला धूर निघाला, पांढरा, जड, ओला. नरसय्याचं दार उघडं होतं. धूर त्यात शिरला. गौराक्काचं दार उघडं होतं. गल्लीतलं एकही दार त्या संध्याकाळी लागलं नाही. घराघरातून फिरत फिरत, दमत दमत, तो शेवटी आमच्या टोकाला आला. मी काउंटरमागे उभा होतो, हातात पुडीचा कागद. दवाखान्याचं दार मी सताड उघडून ठेवलं होतं. तो पायरी चढला, आत आला, मोकळ्या बाकापाशी जरा थांबला, आणि मग अगदी सावकाश, डोक्यावरचं ओझं जपत उतरावं तसा, त्याच्यावर बसला.